लेकीला तीनच दिवस

भागी बसलेली कोणी पाहिली आहे का, असं धसईच्या वरच्या पाड्यांत कुणालाही विचारलं, तर माणसं आधी हसायची आणि मग खरंच आठवायला लागायची. भाताच्या आवणीला, रोपं लावायला, ती चिखलात उतरली की शेजारच्या बायांना तिची पाठच तेवढी दिसायची. बाकीच्यांच्या चुली पेटत असायच्या तेव्हा ही काकडीची पाटी डोक्यावर घेऊन बाजाराच्या रस्त्याला लागलेली असायची. नवरा देवजी मऊ, सावकाश माणूस. तो म्हणायचा, "आमच्या घरात दोघांच्या वाटणीचं बसणं मलाच बसावं लागतं."

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतर मात्र या धावपळीला वेगळीच कळा आली. काम संपलं तरी भागीला थांबता येईना. घासलेली भांडी ती पुन्हा घासायला घ्यायची. ऐन थंडीत पदर घामानं भिजायचा. पोटभर भाकर खाऊनही अंग वाळत चाललं आणि डोळे असे वटारल्यासारखे दिसायला लागले की शेजारणी विचारायच्या, "काय गो, कोणावर चिडलीस?" देवापुढं दिवा लावताना हात लटपटायचा, काडी वातीपर्यंत पोचायचीच नाही. जपाला बसली तर माळेचे मणी बोटांतून भराभरा पळायचे आणि नाव मागंच राहायचं. याचंच तिला सगळ्यात वाईट वाटे. देह झिजला तर झिजू दे, पण देवाजवळ घटकाभर मन ठरत नाही म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं, असं तिनं मनाला लावून घेतलं.

चुकलं होतं ते गळ्यात. रक्त तपासल्यावर डॉक्टरणीनं सांगितलं की गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करते आहे, म्हणून सगळं शरीर पळतंय. गोळ्या सुरू झाल्या. बरं वाटायचं, पुन्हा उसळायचं. शेवटी माघ महिन्यात मुंबईच्या मोठ्या दवाखान्यातली तारीख मिळाली. किरणोत्सारी आयोडीनची एक गोळी घ्यायची, बस. पण तिच्याआधी पाकिटातलं मीठ बंद, सुकट बंद, बोंबील बंद, रोजच्या गोळ्याही बंद.

"मीठ नाय, म्हावरा नाय," सासू धोंडूबाई म्हणाली, "मग खायचा काय, डॉक्टरणीचं डोकं?"

भागीनं तक्रार केली नाही. उपासतापास करणारी बाई ती. देवीसाठी अळणी खाल्लं असतं, ते औषधासाठी खाल्लं. पण रोजच्या गोळ्या थांबल्यावर त्या दिवसांत तिची जी तगमग झाली ती बघवत नव्हती. अंगणातून पडवीत, पडवीतून अंगणात. देवजीनं एकदा हात धरून बसवली, तर बसल्या जागी तिचे पाय चालत राहिले.

दवाखान्यात तळघरातला विभाग होता. दारावर पिवळी पाटी, तिच्यावर तीन पात्यांचं काळं चिन्ह. औषध देणारी तंत्रज्ञ वैष्णवी नावाची तरणी मुलगी होती. तिनं आधी विचारलं, "काकी, घरी लहान मूल आहे? कोणी गरोदर?"

भागीनं क्षणभरही विचार केला नाही. "नाय. आमी तिघंच. मी, हे नि आत्याबाई."

मग वैष्णवीनं जाड शिशाच्या डब्यातून लांब चिमट्यानं कुपी काढली. एवढीशी गोळी आणि तिला एवढा मोठा वाडा बघून भागीला राहवलं नाही. "एवढी काय जपताव तिला? पळून जाईल काय?"

"पळतच असते ती," वैष्णवी हसली. "हे बघा काकी. मिठातल्या आयोडीनच्या कणाचं केंद्रक शांत असतं, घट्ट बांधलेलं. या आयोडीनचं तसं नाही. ते अस्थिर आहे. त्याला आहे तसं राहवतच नाही. आतून एक कण बाहेर फेकतं, किरण सोडतं आणि दुसऱ्याच पदार्थाचं होऊन बसतं, तेव्हा कुठं निवतं. कोणता कण कधी निवेल ते कोणालाच सांगता येत नाही, पण आठ दिवसांत निम्मे निवणार, पुढच्या आठ दिवसांत उरलेल्यातले निम्मे, हे ठरलेलं. शास्त्रज्ञ मोठ्या यंत्रांत असले अस्थिर कण मुद्दाम घडवतात आणि किती टिकतात ते मोजत बसतात. काही तर पापणी लवायच्या आत संपतात. हे आपलं आठ दिवसांचं, म्हणून औषधाला सोयीचं."

"माझ्यासारखीच हाय म्हणा की," भागी म्हणाली आणि पाण्याबरोबर गोळी गिळून टाकली.

आता वैष्णवी तिच्यापासून चार हात लांब उभी राहिली आणि नियम सांगायला लागली. तुमची ग्रंथी मिठाविना उपाशी आहे, ती हे आयोडीन अधाशासारखं ओढून घेईल आणि जाग्यावरच जळेल. पण काही किरण अंगाबाहेर येतात. घामातून, लाळेतून, लघवीतूनही औषध जातं. म्हणून वेगळं झोपायचं, वेगळ्या ताटात जेवायचं, कपडे वेगळे धुवायचे. मोठ्या माणसांपासून थोडे दिवस अंतर. "आणि लहान मुलं, गरोदर बाई, यांच्या तीन आठवडे जवळ जायचं नाही. पोटातल्या बाळाच्या गळ्यातही ही ग्रंथी असते, काकी. फार कोवळी असते."

भागीच्या हातातला पेला खाली पडला.

"काय झालं?"

"माझी शीतल. सातवा सरत आलाय तिचा. पयली खेप, म्हायेरी आणायचीय या पंधरवड्यात."

"अहो काकी, मी विचारलं होतं ना तुम्हाला!"

"तू घरातलं विचारलंस गो. ती किन्हवलीला दिलेली हाय."

वैष्णवीनं कपाळावर हात मारला. मग एका चिठ्ठीवर आपला नंबर लिहून दाराशी थांबलेल्या देवजीच्या हातात दिला. "तीन आठवडे तिला येऊ देऊ नका. काहीही अडलं तर मला फोन करा."

परत येताना देवजीच्या भाच्याचा भाजीचा टेम्पो रिकामा निघाला होता. भागी मागं एकटी, जुडीच्या दोऱ्या आणि कोथिंबिरीच्या वासात. पोर सातव्या महिन्यापर्यंत आली होती, हेच देवाचं देणं होतं. मागच्या साली तिसऱ्याच महिन्यात एक गेलं होतं. तेव्हा शीतल किन्हवलीच्या घराच्या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसली होती, आणि भागीला तिच्याजवळ काय बोलावं ते सुचलं नव्हतं. टेम्पोच्या फळीला धरून भागीनं वाटेत दिसेल त्या देवळाला हात जोडले. हे एवढं मूल नीट हाती लागू दे. माझ्यापायी त्याला काही होऊ देऊ नको.

घरापासून हाक पोचेल एवढ्या अंतरावर, खळ्याच्या कडेला एक झोपडी होती. भात झोडायच्या दिवसांत राखणीला कामी यायची. तिथं तिची सोय झाली. देवजीला लांबलचक सांगायचा कंटाळा. त्यानं आईला एवढंच सांगितलं, "भागीला शिवायचं नाय. भांडी वेगळी, कपडे वेगळे, झोपणं वेगळं. तिच्या गळ्यातलं ते जे हाय ते मरणार हाय आता."

धोंडूबाईला सगळं कळलं. कळलं म्हणजे, तिला जे माहीत होतं त्यात ते तंतोतंत बसलं. अंगातलं काहीतरी मरणार आणि माणसाला शिवायचं नाही, म्हणजे हे सुतकच. आणि सुतक कसं पाळायचं हे त्या पाड्यात धोंडूबाईपेक्षा कोणाला जास्त ठाऊक? तिनं अगदी मनापासून पाळलं. सुनेचं ताट खळ्याच्या बांधावर ठेवून ती मागं सरायची. कपड्यांना काठी लावायची. देवघरातला दिवा स्वतः लावायची. डॉक्टरणीनं येऊन पाहिलं असतं तर तिची पाठ थोपटली असती.

"आत्याबाई," पहिल्याच दिवशी भागीनं बांधापलीकडून ओरडून सांगितलं, "शीतलला कळवा, तीन आठवडे येऊ नको म्हणून!"

"बघते मी," धोंडूबाई म्हणाली. "तू नको जिवाला घोर लावू."

आणि तिनं बघितलं. आठवडाभरात पोरीला आठवा लागणार. आठव्यात पोटुशी बाई हलवायची नाही, गाव ओलांडायचं नाही. मग पहिलं बाळंतपण सासरीच होणार, आणि किन्हवलीच्या बाया जन्मभर बोलणार की आईनं आणलीच नाही. त्यापेक्षा हिशेब सोपा होता. सुतक घरच्यांना दहा दिवसांचं. पण लग्न होऊन गेलेली लेक दुसऱ्या गोताची. तिला तीनच दिवस. चौथ्या दिवशी आंघोळ झाली की ती मोकळी. धोंडूबाईनं किन्हवलीला फोन करून नातीला सांगितलं, "तीन दिस झाले की डोक्यावरनं पाणी घे नि ये."

त्या चौथ्या दिवशी भागी खळ्याखालच्या वाफ्यात राब रचत होती. भाताची रोपं टाकायची ती जागा आधी भाजून काढायची असते, म्हणून शेण, पालापाचोळा आणि टहाळ्या पसरायच्या. हे काम एकटीनं होणारं होतं, कोणाच्या जवळ जावं लागत नव्हतं, म्हणून ती झोपडीत बसायच्या ऐवजी त्यालाच लागली होती. उन्हानं आणि आतल्या धडधडीनं मानेवरून घाम वाहत होता. टहाळ्या मोडण्याच्या आवाजात मागची पावलं तिला ऐकू आली नाहीत.

मागून दोन हात आले आणि तिच्या गळ्याभोवती पडले. घामेजल्या मानेवर एक गाल टेकला.

"आये! किती वाळलीस गो!"

भागीनं त्या हातांना असा हिसडा दिला की शीतल दोन पावलं मागं गेली. मग भागी पळाली. वाफा ओलांडून, बांध चढून, पलीकडच्या रिकाम्या शेतात. मागं वळून पाहिलं तर शीतल तिच्यामागं येत होती. सात महिन्यांचं पोट पुढं घेऊन, भाताच्या सडांतून आणि वाळल्या ढेकळांतून, पाय कुठं पडतोय ते न बघता.

"आये, मी हाय! शीतल! कुठं पळतेस?"

भागी आणखी मागं सरली. शीतल आणखी पुढं आली. एका ढेकळावर तिचा पाय वाकडा पडला, तोल गेला, सावरला. भागीच्या लक्षात आलं की आपण पळालो तर पोर धावणार, धावली तर पडणार. आणि थांबलो तर येऊन बिलगणार. तिला आयुष्यात पहिल्यांदाच कळेना की पाय हलवावेत की रोवावेत.

"तितंच बस!" ती ओरडली. लहानपणी विहिरीच्या काठावर गेलेल्या शीतलला ओरडायची, तोच आवाज. "खाली बस! एक पाऊल पुढं टाकलंस तर तुझ्या पोटातल्याची शपत हाय!"

शीतल जागच्या जागी मटकन बसली आणि रडायला लागली. "आजीनं सांगितलं, तीन दिस झाले की ये, म्हणून आले. आणि तू मला बघून पळतेस? मी काय पाप केलं? मागचं गेलं तवा बी तू लांबच बसलीस माझ्यापासून."

हे मात्र भागीला लागलं. ती मधल्या रिकाम्या शेतापलीकडून, सगळ्या पाड्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलायला लागली. गळ्यातली गोळी, तिचे किरण, बाळाची कोवळी ग्रंथी. गुपचूप सांगायच्या गोष्टी ओरडून सांगाव्या लागल्या. कुठल्यातरी अंगणातून कोणीतरी विचारलंसुद्धा, "काय गो, किरण कुठं पडला?"

एव्हाना धोंडूबाई काठी टेकत आली होती. "काय गलका लावलाय? पोर आंघोळ करून आलीय. तिला काय होत नाय. तीन दिस झाले तिचे."

"आत्याबाई, हे सुतक नाय!"

"नाय कसं? मरण हाय, शिवणं नाय. मग काय हाय ते?"

भागीनं इकडंतिकडं पाहिलं. काय म्हणून सांगावं? वैष्णवीचे शब्द तिच्या डोक्यात होते, पण ते धोंडूबाईपर्यंत पोचणारे नव्हते. तिची नजर रचलेल्या राबावर गेली.

"राब पेटतो, तवा त्याच्याजवळ उभं राहिलं तर कोण भाजतं? जो जवळ असंल तो. त्याला गोत इचारते काय आग? आत्याबाई, दिलेली लेक म्हणून तिला कमी नि तुमाला जास्त, असं करते काय?"

धोंडूबाईनं राबाकडं पाहिलं. पण हार मानणारी बाई नव्हती ती. "आग तर पाण्यानं विझते की. म्हणून तर बोलते, आंघोळ कर."

"ही नाय विझत. कितीबी पाणी ओता. ही आपली आपण निवते. आठ दिसांनी अर्धी, आठ दिसांनी त्याच्या अर्धी. तवर लांब राहायचं, एवढंच हाय."

"असली कसली आग मेली," धोंडूबाई पुटपुटली. पण तिनं शीतलच्या दंडाला धरून तिला उठवलं आणि घराकडं वळवलं. आता घाबरायची पाळी तिची होती. "पोरी, तू हात लावलास काय तिला?"

"गळ्यात पडले ना मी."

देवजीनं बांधावर रेंज मिळेल अशी जागा शोधून वैष्णवीला फोन लावला आणि मोबाइल दगडावर ठेवून मागं सरला. भागी ओणवी होऊन त्या दगडापाशी बोलली. वैष्णवीनं सगळं ऐकून घेतलं. शीतलला साबणानं हात, तोंड, मान धुवायला सांगा, कपडे बदलायला सांगा. क्षणभराच्या शिवण्यानं घाबरण्यासारखं काही होत नाही. जवळ किती आणि कितीवेळ, यावरच सगळं असतं. ती घरात राहिली, तुम्ही खळ्यावर राहिलात, तरी चालेल. "घाबरू नका, काकी."

"घाम होता गो माझ्या मानेवर."

"क्षणभराचंच होतं ना? बाळाला काही होणार नाही."

"तू खात्रीनं सांगतेस?"

"खात्रीनं."

भागीनं हो म्हटलं. पण मन म्हणालं, ती शिकलेली पोर आहे, मला धीर द्यायला असंच सांगणार.

तेव्हापासून भागीच्या आयुष्यातले सगळ्यात लांब दिवस सुरू झाले. शीतल पडवीत बसून तांदूळ निवडायची, भागी खळ्यावरून बघायची. शीतल पाठ धरून उभी राहिली की भागी उठायची, चार पावलं पुढं जायची, परत फिरायची. आवडीचं कालवण करून द्यावं तर हातचं चालत नाही. केस विंचरून द्यावेत तर जवळ जाता येत नाही. मायलेकी ओरडून बोलायच्या.

"झोप लागली काय गो?"

"लागली! तुझं पोट दुखलं काय?"

"माझं कशाला दुखेल? पोट तुझं हाय!"

ओटी भरण्याचं काय, हा प्रश्न आला तेव्हा तो धोंडूबाईनंच सोडवला. सातव्यात ठरली होती, आईच्या हातची हवी होती. "नवव्यात बी चालते," ती म्हणाली. "सातवा नाय तर नववा. आठवा तेवढा नको." जिच्या नियमानं पोर आगीजवळ आणली, तिच्याच दुसऱ्या नियमानं वेळ मिळाला. तीन आठवडे झाले त्या दिवशी भागीनं पुन्हा फोन करून विचारलं, आणि धोंडूबाईच्या हट्टाखातर गोमूत्र शिंपडून डोक्यावरून आंघोळही केली. दोन्हीकडची खात्री झाल्यावरच ती घराची पायरी चढली. तरी शीतलच्या शेजारी बसताना मध्ये उशी ठेवली. शीतलनं ती उचलून फेकली.

नवव्यात ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण, हळदकुंकू. गाणी म्हणणाऱ्या बाया आल्या, किन्हवलीहून जावई रितेश आणि त्याची आई आली. भागी ओटीत तांदूळ घालत होती तेव्हा शीतलनं तिचं मनगट घट्ट धरलं आणि कानात म्हणाली, "आता पळ बघू."

बाया हसल्या. भागीही हसली. तिचं वजन जरा भरलं होतं, जपाला बसली तर माळ पुरी व्हायची. पण माळेच्या शेवटी तिचं मागणं आता दुसरंच काही नसायचं. देवी, तो गाल माझ्या मानेला लागला होता. बाळावरची तुझी नजर फिरवू नको.

वैशाखात एका दुपारी शीतलला कळा सुरू झाल्या. मुरबाडच्या सरकारी दवाखान्यात नेलं. बाहेरच्या बाकावर धोंडूबाई, देवजी, रितेश. भागी बाकावर नव्हती. ती दाराशी, खिडकीशी, पुन्हा दाराशी. वॉचमन दोनदा ओरडला, "मावशी, बसा ना एका जागी!"

आतून रडं ऐकू आलं आणि थोड्या वेळानं परिचारिका बाळाला गुंडाळून दारात आली. रितेश पुढं झाला. "काय झालं? मुलगा की मुलगी?"

परिचारिका तोंड उघडणार तोच भागीनं जावयाला बाजूला सारलं. "बाई, गळा बघितलात काय? बाळाचा गळा बघा आधी. नीट हाय ना गळा?"

"गळा?" परिचारिका बुचकळ्यात पडली. आजवर तिला दाराशी कोणी हा प्रश्न विचारला नव्हता. तिनं दुपट्याची घडी जरा सैल केली, हनुवटीखाली बोट फिरवलं. बाळाला ते आवडलं नाही. त्यानं लाल तोंड उघडलं आणि असा टाहो फोडला की पलीकडच्या वॉर्डातल्या बायाही वळून बघायला लागल्या.

"मुलगी आहे," परिचारिका म्हणाली, "आणि गळ्याचं मला काय विचारता? तुम्हीच ऐका की."

भागी भिंतीला टेकली, हळूहळू खाली सरकली आणि फरशीवर बसली. बाळाला आत नेलं, तरी रडं थांबेपर्यंत ती तशीच बसून ऐकत राहिली.